चोरीला गेलेला टेम्पो २८ मिनिटांत कसा सापडला: घणसोली ते दिघा

आमच्या दाजींचा छोटा हत्ती, म्हणजे छोटा मालवाहू टेम्पो, मागच्या पावसाळ्यात घणसोलीतनं चोरीला गेला आणि त्याच रात्री दिघ्यात सापडला, तीन जण पकडले गेले. ज्याला सांगावं तो पहिलं हेच विचारतो की पोलिसांनी पाठलाग केला का आणि गाडी किती स्पीडला होती. पाठलाग झाला, पण गाडी सापडली ती पाठलाग ढिला सोडल्यावर, आणि हे कुणाला पटत नाही म्हणून पहिल्यापासून सगळं लिहून काढलंय. मी त्या रात्री आधी फोनवर होतो आणि शेवटची दहा-बारा मिनिटं विटाव्याला बॅरिकेडच्या अलीकडे उभा होतो, बाकीचं दाजी, भाचा, आमचे वकील आणि त्या रात्री गस्तीवर असलेले पीएसआय साहेब यांच्याकडून कळलेलं आहे, वेळा फोनच्या कॉल लॉगवरनं घेतल्यात. पकडलेल्यांची नावं-गावं लिहिणार नाही. केस कोर्टात आहे आणि तिघांतला एक अठराच्या आतला निघाला, त्याची ओळख उघड करणं बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्हाच आहे. पोलीस ठाण्याचंही नाव नको.

दाजी मूळ जावळी तालुक्यातले, त्यांचे वडील एपीएमसीत माथाडी होते, कांदा-बटाटा मार्केटमध्ये आयुष्य गेलं. दाजींनी पाठीवर ओझं घ्यायचं नाही असं ठरवून लोन काढून टेम्पो घेतला. रोज रात्री अडीचला खाली उतरायचं, वाशीच्या भाजी मार्केटला जायचं, मेथी-कोथिंबीर-पालक भरायची आणि उजाडायच्या आत ऐरोली आणि ठाण्याच्या दुकानदारांना पोचवायची. टेम्पो एक दिवस उभा राहिला तर दुकानदार दुसरा माणूस बघतो, हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहितीय. म्हणजे चोरीला गेलं ते नुसतं वाहन नव्हतं, घराचं सगळं चाक त्याच्यावर फिरत होतं. आणि इन्शुरन्स थर्ड पार्टीचा. थर्ड पार्टीत चोरीचा पैसा मिळत नाही, तो फक्त आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. दाजींना हे त्या रात्रीपर्यंत नीट माहीत नव्हतं, एजंटने स्वस्तातला दिला आणि यांनी घेतला.

पहिली बारा मिनिटं

२ वाजून २० मिनिटांनी दाजी खाली आले तर टेम्पो जाग्यावर नाही. पहिल्यांदा त्यांना वाटलं की कालच जागा बदलून लावलाय की काय, मग दोन गल्ल्या पायी फिरले, मग मैदानापाशी जाऊन आले, मग एका मित्राला उठवलं की तू नेलास का रे, आणि मग मला फोन. "पाव्हणं, गाडी नाय जाग्यावर." मीसुद्धा झोपेत होतो, मी विचारत बसलो की नीट बघितलं का, महापालिकेने उचलली का, हप्ता थकलाय का, कारण हप्ता थकला की फायनान्सवाले रात्रीचे उचलून नेतात असं ऐकलेलं असतं. हप्ता थकलेला नव्हता. या सगळ्यात २ वाजून ३२ झाले आणि तेव्हा मी म्हटलं दाजी तुम्ही आधी ११२ लावा, बाकी नंतर बघू.

ही बारा मिनिटं मी इतकी धरून बसलोय कारण टेम्पो तेवढ्यात शिळफाट्याच्या पलीकडे जाऊ शकला असता आणि मग काही हाताला लागलं नसतं. नशीब एवढंच की चोरांनी गाडी १ वाजून ५० मिनिटांनी काढून (हे बिल्डिंगच्या कॅमेऱ्यात आलंय) लगेच पळवली नाही, रबाळे एमआयडीसीच्या आतल्या रस्त्याला नेऊन उभी केली, तिसऱ्या पोराची वाट बघत. तिसरा उशिरा आला. नशीब नसतं तर ती बारा मिनिटं महागात पडली असती आणि सगळ्यांच्या बाबतीत नशीब असं साथ देत नाही.

११२ ला लावलेला कॉल आपल्या जवळच्या चौकीत वाजत नाही. राज्यभरातले कॉल नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात घेतले जातात आणि तिथून त्या त्या आयुक्तालयाच्या किंवा जिल्ह्याच्या कंट्रोलला आणि गस्तीच्या गाडीतल्या स्क्रीनवर जातात. त्यामुळे तिथे बसलेल्या बाईंना घणसोलीतली कुठली गल्ली हे माहीत असेल असं धरून चालत नाही. दाजींनी बरोबर केलं ते असं की रडारड केली नाही, सेक्टर सांगितला, शाळेच्या मागे म्हणाले, नंबर सांगितला एमएच ४३ चा, रंग पांढरा, मागे निळी ताडपत्री, आणि पुढचं वाक्य त्यांनी स्वतःहून जोडलं, डाव्या बाजूची टेल लाइट फुटलीय आणि त्याला लाल प्लास्टिक चिकटवलंय.

ती टेल लाइट मार्केटमध्ये एका टेम्पोने रिव्हर्स घेताना फोडली होती, बदलायची राहून गेली होती, ताई महिनाभर मागे लागली होती. फुटकी लाइट घेऊन फिरणं चुकीचंच, पावती फाटते. पण त्या रात्री नंबरपेक्षा ती लाइट उपयोगाला आली. नंबर प्लेटवर चोरांनी चिखल फासला होता, पुढचीवर आणि मागचीवर पण. नव्या हाय सिक्युरिटी प्लेटला स्नॅप लॉक असतात, ती स्क्रूड्रायव्हरने काढून दुसरी लावता येत नाही, मोडावी लागते, म्हणून चिखल. आणि पावसाळ्यात चिखल लागलेली प्लेट कुणाला खटकते? रस्त्यावर पहाटे पांढरे छोटे हत्ती शंभर असतात, सगळे एपीएमसीकडे नाहीतर एपीएमसीकडून. एक लाइट लखलखीत लाल आणि दुसरी मंद गुलाबीसर, असा मात्र एकच होता.

दुसरा मोबाईल

दाजींचा धंद्याचा वेगळा मोबाईल आहे, दुकानदारांच्या ऑर्डरी त्याच्यावर येतात. तो ते डॅशबोर्डच्या खणात तसाच ठेवायचे, चार्जरला लावून. चोरांना तो दिसला नाही कारण वरती पावत्यांचं पुडकं आणि जुना टॉवेल. भाचा बारावीला आहे, तो उठून बाहेर आला आणि त्याला पहिल्यांदा सुचलं, "पप्पा, ऑर्डरचा फोन कुठाय?" त्याने त्या फोनचं गुगल अकाउंट घरच्या लॅपटॉपवर उघडलं आणि नकाशावर फोनचा ठिपका रबाळेत.

इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. ठिपका दिसल्या दिसल्या दाजींनी बाईकची चावी उचलली. मी कळव्याहून निघायच्या तयारीत. घरातला कुठलाही पुरुष हेच करेल, रक्त तापतं. पण ११२ चा कॉल चालू होता आणि पलीकडच्या बाईंनी आवाज न चढवता सांगितलं की तुम्ही जाऊ नका, तुम्ही गेलात तर लॅपटॉप कोण बघणार, मला ठिपका सांगत राहा. ताईने चावी काढून घेतली. त्या बाईंचं नाव आम्हाला कळलं नाही, पण दाजी बाईकवर गेले असते तर तिघांच्या समोर एकटे पडले असते, त्यांच्याकडे कटर होता हे नंतर कळलं.

ठिपका सलग हलत नाही हे लक्षात घ्या. एकदम उडी मारतो, कधी मिनिटाने कधी दोन मिनिटांनी, आणि कधी मागचीच जागा परत दाखवतो. भाच्याने शहाणपणा केला तो हा की नुसतं "आता इथे आहे" असं न सांगता बाजूला लिहिलेली वेळ वाचत गेला, "२:३८, रबाळे स्टेशनच्या अलीकडे, ठाण्याच्या बाजूला तोंड". दिशा कळली की अर्धं काम होतं. शिवाय प्रत्येक वेळी स्क्रीनशॉट काढला, त्याचं पुढे काय झालं ते येईल.

पाठलाग कसा झाला

नवी मुंबईचा नकाशा डोळ्यासमोर आणा. ठाणे-बेलापूर रोडने उत्तरेकडे निघालं की रबाळे, ऐरोली, दिघा, मग विटावा आणि कळवा. डावीकडे ट्रान्स हार्बरचे रूळ आणि त्यापलीकडे खाडी, उजवीकडे एमआयडीसी आणि तिच्या पाठीशी पारसिकचा डोंगर. ऐरोलीला डावीकडे खाडीपूल, तो मुलुंडला काढतो. तो सोडला की मोठ्या गाडीला पुढे विटाव्याशिवाय सरळ वाट नाही. आणि विटाव्याला रेल्वेखालचा सबवे, जो जोराच्या पावसात तुंबतो हे त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला माहितीय. त्या रात्री तुंबला होता, पूर्ण बंद नव्हता पण ट्रक थांबून थांबून सोडत होते.

मुलुंडच्या बाजूचं एक सांगतो. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही, ऐरोलीलाही नाही. पैसे वाचतात हे चांगलंच, पण टोल कापल्याचा जो मेसेज मालकाच्या फोनवर यायचा आणि ज्याने कित्येकांना कळायचं की आपली गाडी कुठून गेली, तो तिथे आता येत नाही. म्हणून फास्टॅगच्या भरवशावर राहू नका.

२ वाजून ४३ मिनिटांनी भारत बिजली कंपनीच्या आसपास गस्तीच्या बोलेरोला ती लाइट दिसली. पीएसआय साहेब पुढे बसलेले, मागे दोन अंमलदार. त्यांनी मला नंतर सांगितलं की पहिल्यांदा आम्हीही तेच केलं जे सगळे करतात, सायरन लावला आणि जवळ गेलो. टेम्पो उडाला. कट मारून डिव्हायडरच्या फटीतनं पलीकडच्या बाजूला, म्हणजे ठाण्याहून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर. समोरून कंपनीची स्टाफ बस येत होती, शिफ्टची माणसं घेऊन, तिने जोरात ब्रेक मारला, टेम्पो तिच्या बाजूने निसटला आणि पुढच्या फटीतनं परत या बाजूला आला. काँक्रीटचा ओला रस्ता, रिकामा छोटा हत्ती, अरुंद आणि उंच, मागे वजन नाही. ज्यांनी ही गाडी चालवलीय त्यांना माहितीय की रिकामी असताना जोरात वळवली की मागचं चाक सोडते.

तेव्हा साहेबांनी ड्रायव्हरला सांगितलं सायरन बंद कर आणि मागे राहा. लाल लाइट दिसली पाहिजे एवढंच अंतर ठेव. मागच्या अंमलदाराला हे पटलं नव्हतं, तो म्हणाला साहेब जाईल हातातनं. साहेब म्हणाले जाणार कुठे, पुढे विटावा आहे.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय तो आहे, पकडण्यापेक्षा मोठा. कारण अडीच-तीनला रस्ता रिकामा असतो हा आपला गैरसमज. त्या वेळेला त्या रोडवर भाजीचे टेम्पो असतात, दुधाच्या गाड्या असतात, रात्रपाळीच्या बस असतात, लाइट न लावता उभे केलेले ट्रेलर असतात आणि चहाच्या टपरीपाशी सायकलवाला असतो. टेम्पोची किंमत असून असून किती, आणि त्या बसमध्ये पंचवीस-तीस माणसं असतील. मी दाजींसमोर हे बोललो तेव्हा दाजी म्हणाले माझा टेम्पो गेला असता तरी चाललं असतं पाव्हणं पण माझ्या गाडीने कुणी मेलं असतं तर मी काय तोंड दाखवलं असतं. आणि मागे कुणी लागलेलं नाही असं वाटलं की पळणाराही जरा सैल होतो. तसंच झालं, भाच्याच्या ठिपक्यानुसार पुढचं अंतर टेम्पोने निम्म्या वेगाने कापलंय.

तोवर कंट्रोलने दोन कामं केली. ऐरोली नाक्यावर दुसरी गाडी आडवी लावली, म्हणजे मागे फिरून मुलुंडचा पूल धरायची सोय राहिली नाही. आणि ठाण्याच्या कंट्रोलला सांगितलं. दिघा नवी मुंबई आयुक्तालयात, विटावा ठाणे आयुक्तालयात, दोन वेगळी आयुक्तालयं, वेगळे वायरलेस. हद्दीच्या दोन बाजूंचे लोक एकमेकांवर ढकलतात हा आपला नेहमीचा अनुभव आणि मी स्वतः एकदा मोबाईल चोरीच्या वेळी दोन चौक्यांमध्ये हेलपाटे घातलेत, पण त्या रात्री चार-पाच मिनिटांत विटाव्याला गाडी लागली हे मी डोळ्याने बघितलं, कारण तोपर्यंत मी कळव्याहून निघून तिथे पोचलो होतो. एका हवालदारांनी मला बाजूला घेतलं, "तुम्ही मालकाचे कोण? मेहुणे? मग इथेच थांबा, पुढे यायचं नाही." बॅरिकेड लावले, ट्रक मुद्दाम थांबवून ठेवले, सबवेच्या तोंडाशी सगळे ब्रेक लाइट लाल.

२ वाजून ५३ च्या सुमाराला टेम्पो मुकंद कंपनीच्या पुढे आला, पुढची लाल रांग आणि निळा दिवा बघितला आणि फिरला. उलटा निघाला तर समोर बोलेरो, सावकाश येणारी. मग त्याने एमआयडीसीच्या गल्लीत घातला. तिथे साहेबांनी ड्रायव्हरला घाई करू दिली नाही, कारण त्या गल्लीला तोंड एकच आहे आणि टोकाला कंपनीचं बंद गेट. बोलेरो गल्लीच्या तोंडाला आडवी लावली, मागून बीट मार्शलची, म्हणजे बाईकवरच्या गस्तीच्या पोलिसांची, बाईक आली, आणि पाचही जण पायी आत गेले.

दोघं केबिनमध्येच बसून होते, हात वर. तिसरा भिंतीवरनं उडी मारून नाल्यात उतरला, रुळांच्या दिशेने जायला, पण नाल्याला पावसाचं पाणी जोरात होतं, तो पाईपला धरून अडकला आणि ओरडायला लागला. त्याला बीट मार्शलने दोरी टाकून वर काढला, आणि दोरी टेम्पोतलीच, चोरांनी आणलेली. ३ वाजले होते. ११२ लावल्यापासून २८ मिनिटं.

टेम्पोत पकड, कटर आणि रिकामी पोती सापडली. पोलिसांचं म्हणणं असं की टेम्पो विकायला चोरला नव्हता, एका बंद कंपनीतली तांब्याची केबल काढून भंगारात घालायची होती आणि काम झालं की टेम्पो कुठेतरी सोडून द्यायचा. हे अजून सिद्ध व्हायचंय. पण खरं असेल तर त्यातनं एक कळतं, आपली गाडी जुनी आहे, तिला कोण नेतंय, असं समजून निर्धास्त राहू नये. चोराला नवी गाडी नको असते, सगळ्यांसारखी दिसणारी पाहिजे असते.

अटक

गल्लीच्या तोंडाशी पाच-दहा मिनिटांत वीस-पंचवीस माणसं जमली. रात्रपाळीचे वॉचमन, टपरीवाले, दोन टेम्पोवाले. टेम्पोवाल्यांचा राग मी समजू शकतो, त्यांच्यातल्या एकाची बॅटरी आदल्याच महिन्यात गेली होती. "साहेब पाच मिनिटं द्या आमच्याकडे." साहेबांनी तिघांना लगेच गाडीत घातलं आणि दार लावलं. दाजी तोपर्यंत मित्राच्या गाडीने पोचले होते, ते गाडीच्या खिडकीपाशी गेले आणि आत बघून गप्प उभे राहिले. नंतर मला म्हणाले, त्यातला एक आपल्या पोराएवढा आहे.

तो खरंच सतरा वर्षांचा निघाला. त्याने आधी एकोणीस सांगितलं होतं, कुणीतरी शिकवलं असेल किंवा घाबरून. वय ठरवायला कायद्यात क्रम दिलाय, शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तर वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड या क्रमात नाही. त्याची आई सकाळी शाळा सोडल्याचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन आली. पोलिसांच्या भाषेत तो मग आरोपी राहत नाही, विधिसंघर्षग्रस्त बालक होतो, त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही आणि २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. त्याला साध्या कपड्यातल्या अंमलदाराबरोबर भिवंडीला नेलं. लोक म्हणतात लाड करतात, मला तसं वाटत नाही, त्या पोराला दोघा मोठ्यांबरोबर एका कोठडीत ठेवला असता तर तो पुढच्या वर्षी स्वतःच गाडी काढायला शिकला असता.

बाकी दोघांना रीतसर अटक. आता भारतीय दंड संहिता नाही, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, बीएनएसएस. अटकेची कारणं सांगणं कलम ४७ नुसार आणि घटनेच्या अनुच्छेद २२ नुसार बंधनकारक, नातेवाइकांना कळवणं बंधनकारक, आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे. मी ठाण्यात बसून बघितलं, साहेबांनी कारणं लेखी दिली, सही घेतली, एकाच्या भावाला फोन लावून दिला. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही, का गरजेची आहे ते लिहावं लागतं. इथे लिहायला अडचण नव्हती, पळून गेले होते, उलट्या बाजूने गाडी घातली होती आणि माल कुठे विकणार होते हे काढायचं होतं. बेलापूर कोर्टाने तीन दिवसांची पोलीस कोठडी दिली.

पंचनामा जागेवरच, पाऊस भुरभुरत असताना, दोन पंच घेऊन. झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग आता बीएनएसएसच्या कलम १०५ ने सक्तीचं आहे, ते मोबाईलवरच्या ई-साक्ष्य ॲपमध्ये करतात. एक अंमलदार छत्री धरून आणि एक शूटिंग करतोय असा प्रकार. चेसी नंबर आरसी बुकाशी ताडून बघितला. केबिनमधले बोटांचे ठसे घेतले आणि त्यासाठी दाजींना सांगितलं की स्टिअरिंगला हात लावायचा नाही. मालकाला आपली गाडी दिसली की पहिल्यांदा आत बसावंसं वाटतं, ते करू नये.

भाच्याचे स्क्रीनशॉट आणि बिल्डिंगचा कॅमेरा हे दोन्ही पुरावे झाले. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर सर्टिफिकेट जोडावं लागतं, नाहीतर कोर्टात अडकतं. सोसायटीचे सेक्रेटरी आधी फूटेज द्यायला तयार नव्हते, कोर्टाच्या भानगडीत पडायला नको म्हणून. डीव्हीआरमध्ये जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून डीबी पथकाचे (ठाण्याचं गुन्हे शोध पथक) अंमलदार दुसऱ्याच दिवशी लेखी पत्र घेऊन आले आणि मग दिलं.

एफआयआरमध्ये पहिल्यांदा न्याय संहितेचं कलम ३०३(२) लागलं होतं, साधी चोरी, तीन वर्षांपर्यंत. आमच्या वकिलांनी दाखवून दिलं की कलम ३०५ च्या यादीत माल किंवा प्रवासी वाहून नेणारं वाहन आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि दाजींचा टेम्पो मालवाहतुकीचाच आहे. अर्ज दिला, ते वाढवलं. रिक्षावाले, टेम्पोवाले, टॅक्सीवाले यांनी हे ध्यानात ठेवावं, ठाण्यात लिहिणाऱ्याच्या डोक्यात गाडी चोरी म्हटलं की अजून बाईकच असते.

गाडी घरी येईपर्यंत

टेम्पो सापडला २८ मिनिटांत आणि घरी आला १९ दिवसांनी. हे मात्र मनाला लागलं. मुद्देमाल म्हणून तो पोलीस ठाण्याच्या बाहेर पावसात उभा, दाजी रोज जाऊन लांबून बघून यायचे, भाड्याचा टेम्पो दिवसाला १,८०० रुपये, त्यात मार्केटची खेप सुटायची नाही म्हणून तोट्यात धंदा. ठाण्यात एक जण म्हणायचा साहेब आल्यावर, दुसरा म्हणायचा कोर्टातनं आणा. हे पहिल्याच दिवशी कुणीतरी सरळ सांगितलं असतं तर आठवडा वाचला असता: मालकाने सुपुर्दनाम्यासाठी, म्हणजे गाडी ताब्यात मिळावी म्हणून, मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, आरसी, इन्शुरन्स, परमिट, ओळखपत्र जोडायचं, पोलिसांचं म्हणणं मागवलं जातं, फोटो काढून घेतात, बाँड लिहून घेतात. लोन असेल तर फायनान्स कंपनीचं ना हरकत पत्र आधीच तयार ठेवा, आमचे चार दिवस त्यातच गेले. सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलंय की जप्त वाहनं पोलीस ठाण्यात सडवत ठेवू नयेत, पंधरा दिवस ते महिनाभरात निकाली काढावीत, आणि बीएनएसएसच्या कलम ४९७ मध्ये आता वर्णन तयार करायला १४ दिवस आणि त्यानंतर आदेशाला ३० दिवस अशी मुदतच घातलीय. वकिलांनी हे दोन्ही अर्जात लिहिलं आणि मग पहिल्या तारखेलाच आदेश झाला.

बाँडच्या अटी म्हणजे केस संपेपर्यंत गाडी विकायची नाही, रंग बदलायचा नाही, बोलावलं की कोर्टात हजर करायची.

टेम्पो आणल्यावर दाजींनी इग्निशन बदललं, डिझेलची लाइन तोडणारा स्विच सीटखाली लपवून बसवला, गिअर लॉक घातला आणि फुल इन्शुरन्स काढला. ऑर्डरचा फोन अजून खणातच असतो, पण आता मुद्दाम, आणि भाच्याने त्याचं अकाउंट घरातल्या तिघांच्या मोबाईलवर टाकून ठेवलंय.

दोघांवर ६० दिवसांच्या आत दोषारोपपत्र गेलं, नंतर जामीन झाला, तारखा चालू आहेत. त्या सतरा वर्षांच्या पोराची आई एकदा घरी आली होती, ताईने चहा केला, ती काही मागायला आली नव्हती, फक्त बसून गेली.

टेल लाइटचं दाजींनी वकिलांना विचारलं की बदलली तर चालेल का, अटीत बसतं का. वकील म्हणाले फोटो काढलेत, बदला, पावती ठेवा. नवी बसवली. लाल प्लास्टिक चिकटवलेली जुनी ताईने वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलीय, साक्षीच्या वेळी कोर्टात कुणी विचारलं की साहेबांनी गाडी कशी ओळखली, तर दाखवायला.